श्वेतप्रदर

श्वेतप्रदर : स्त्रीच्या योनिमार्गातून येणारा रक्तविरहित स्राव नेहमीपेक्षा पुष्कळ वाढला अथवा त्याचा रंग, वास वा दाटपणा बदलला म्हणजे त्यास श्वेतप्रदर असे म्हणतात. श्वेतप्रदर हा स्वतंत्र रोग नसून ज्वराप्रमाणे ते एक लक्षण आहे. ते उत्पन्न करणारी कारणे अनेक असून त्यांतील काही अगदी निरुपद्रवी, बहुसंख्य साध्या औषधांनी बरी होणारी आणि थोडी गंभीर स्वरूपाची असतात. ‘प्रदरावरील औषध’ अशी एकच वस्तू असू शकत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे. व्यवहारात मात्र या एका शब्दाखाली सर्व अवस्था एकत्र केल्या जातात व त्यामुळे निरोगी स्त्रीवर उपचार आणि रोगी स्त्रीकडे दुर्लक्ष असे दोन्ही प्रकार घडतात.

मराठीत या विकाराला धुपणी असे जुने नाव आहे. ‘अंगावरून पांढरे जाणे’ किंवा ‘पांढरे पाणी जाणे’ हे शब्दप्रयोग अधिक रूढ आहेत. लज्जेमुळे पुष्कळ स्त्रिया केवळ ‘अंगावरून जाते’ एवढेच सांगतात. हाच शब्दप्रयोग अतिरिक्त ऋतुस्रावासाठीही वापरला जात असल्यामुळे पांढरे की लाल, हा प्रश्न चिकित्सकाने प्रथम विचारावा लागतो. आयुर्वेदात चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वीस योनिव्यापदांचे, म्हणजे स्त्रीजननेंद्रियांच्या विकारांचे, वर्णन असून त्यांपैकी अनेकांत स्रावाचा रंग, वास, चिकटपणा व कंडू या लक्षणांचा निर्देश आहे. स्रावाच्या स्वरूपावरून कारणाचा अंदाज बांधण्याची ही रीत आजही निदानाची पहिली पायरी आहे. त्याच ग्रंथात तांदळाच्या धुवणाबरोबर घ्यावयाचे पुष्यानुग चूर्ण सांगितले आहे व ते अद्याप प्रचारात आहे.

प्राकृत स्राव : योनिमार्ग कोरडा असणे हे आरोग्याचे लक्षण नव्हे. गर्भाशय ग्रीवेतील ग्रंथींचा श्लेष्मा, योनिभित्तीतून पाझरणारा द्रव आणि तेथील अधिस्तराच्या गळून पडणाऱ्या कोशिका यांचे मिश्रण म्हणजे प्राकृत स्राव होय. प्रजननक्षम वयातील स्त्रीत तो दिवसाकाठी सर्वसाधारणपणे १ ते ४ मिलि. असतो. तो पांढुरका वा पारदर्शक असतो, त्यास दुर्गंधी नसते व त्यामुळे खाज सुटत नाही. कपड्यावर वाळल्यावर त्याचा किंचित पिवळसर डाग पडतो. या डागाला घाबरण्याचे कारण नाही.

स्त्रीमदजन या हॉर्मोनाच्या प्रभावामुळे योनीच्या अधिस्तरात ग्लायकोजेन साठते. लॅक्टोबॅसिलस गटातील सूक्ष्मजंतू त्यापासून बनलेल्या शर्करांचे लॅक्टिक अम्लात रूपांतर करतात. त्यामुळे योनिमार्गाचे पीएच मूल्य ३·८ ते ४·५ इतके म्हणजे अम्लीय राहते व बहुतेक रोगकारक जंतूंना तेथे वाढता येत नाही. आल्बर्ट डडरलाइन या जर्मन स्त्रीरोगतज्ञांनी १८९२ मध्ये या हितकर जंतूंचे वर्णन प्रसिद्ध केले. विरजणातील जंतूंचेच हे जवळचे नातलग आहेत. दूध नासू न देता त्याचे दही करणे आणि योनिमार्गाचे रक्षण करणे, ही दोन्ही कामे अम्लाच्याच आधारे होतात.

प्राकृत स्रावाचे प्रमाण सदैव सारखे नसते. ऋतुचक्राच्या मध्यास अंडमोचनाच्या सुमारास तो पाण्यासारखा स्वच्छ व तारेसारखा ताणला जाणारा होतो आणि नंतर दाट व अल्प होतो. गर्भारपणी तो वाढतो. मैथुनेच्छेच्या वेळी तो वाढतो. मुलीला पहिली पाळी येण्यापूर्वी काही महिने तो सुरू होतो. नवजात मुलीत मातेच्या हॉर्मोनांच्या प्रभावाने काही दिवस पांढरा स्राव दिसतो व तो आपोआप थांबतो. यांपैकी कोणत्याही स्रावास उपचार लागत नाही. तांबी बसविल्यानंतर स्राव थोडा वाढू शकतो. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेमुळे पांढरे जाऊ लागले, अशी तक्रार खेड्यांत वारंवार ऐकू येते. तथापि त्या शस्त्रक्रियेत केवळ अंडवाहिन्या बंद केल्या जातात आणि योनिस्राव तेथून येत नाही. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर दुर्गंधीयुक्त स्राव, ताप व ओटीपोटात दुखणे अशी लक्षणे एकत्र आली तरच जंतुसंसर्गाचा विचार करावा लागतो.

स्राव आणि अशक्तपणा : पांढरे जाण्याने शरीरातील सत्त्व नाहीसे होते, धातू जातो, हाडे झिजून त्यांचे पाणी वाहते, अशी समजूत भारतभर आढळते. कंबर दुखणे, हातपाय गळणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही सर्व लक्षणे तिच्याशी जोडली जातात. शरीरक्रियेच्या दृष्टीने या समजुतीला आधार नाही. चार-पाच मिलि. द्रवात मुख्यतः पाणीच असते आणि त्यात हाडांचा अंश नसतो. अशक्तपणा मात्र खरा असतो. त्याची कारणे रक्तक्षय, अपुरा आहार, लागोपाठची बाळंतपणे आणि उन्हातान्हातील श्रम ही असतात. पांढरे जाणे थांबविण्याच्या औषधाने तो जात नाही. लोहाच्या गोळ्या, जंतांवरील उपचार व आहार यांची तेथे गरज असते.

या संदर्भात गोव्यात झालेल्या एका पाहणीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ ते ५० वर्षे वयाच्या सु. २,५०० स्त्रियांची मुलाखत व प्रयोगशालेय तपासणी केली आणि २००५ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. शेकडा १४ ते १५ स्त्रियांनी स्रावाची तक्रार सांगितली. परंतु या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मानसिक ताण, खिन्नता आणि शरीरभर जाणवणाऱ्या अस्पष्ट वेदना यांच्याशी अधिक दृढ असल्याचे दिसून आले. घरातील जाच किंवा मनाची उद्विग्नता जेथे उघड बोलता येत नाही, तेथे ती शरीराच्या भाषेत व्यक्त होते. अशा स्त्रीला जंतुनाशक गोळ्या देऊन परत पाठविणे ही चिकित्सा नव्हे. त्याचबरोबर तपासणी न करताच ‘मनाचा खेळ’ म्हणून तिला वाटेला लावणे त्याहून वाईट.

विकृत स्रावाची कारणे : विकृत स्रावाची बहुसंख्य उदाहरणे तीन विकारांत मोडतात. त्यांपैकी सर्वांत अधिक आढळणाऱ्या विकारात लॅक्टोबॅसिलस जंतूंचे प्रमाण घटून त्यांची जागा गार्डनेरेला व इतर अनेक अवायुजीवी जंतू घेतात. हर्मन गार्डनर व चार्ल्स ड्यूक्स यांनी १९५५ मध्ये अमेरिकेत त्याचे वर्णन केले. त्याला जंतुजन्य योनिविकृती म्हणता येईल. शोथ, म्हणजे दाहयुक्त सूज, यात बहुधा नसते. स्राव पातळ, करडा-पांढरा व एकजीव असतो आणि त्याला मासळीसारखा वास येतो. हा वास मैथुनानंतर व पाळीच्या सुमारास वाढतो, कारण रेत व रक्त ही दोन्ही अम्लता कमी करतात. गर्भारपणी हा विकार असल्यास अकाली प्रसूतीचा संभव वाढतो.

दुसरा विकार कँडिडा या यीस्टवर्गीय कवकाचा. यात खाज हे मुख्य लक्षण असते व ती इतकी तीव्र असते की झोप येत नाही. स्राव दाट, पांढरा, दह्याच्या कवडीसारखा असतो व त्याला वास नसतो. त्वचा लाल होते व लघवी करताना आग होते. बहुतेक स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी याचा अनुभव येतो. गर्भारपण, मधुमेह व प्रतिजैव औषधांचे सेवन ही अनुकूल परिस्थिती होय. हा विकार पुनःपुन्हा होत असल्यास रक्तातील साखर तपासणे अगत्याचे असते. कित्येक स्त्रियांचा मधुमेह अशा वेळीच प्रथम लक्षात येतो.

ट्रायकोमोनास हा प्रजीव आल्फ्रेद दॉने यांनी १८३६ मध्ये पॅरिस येथे स्त्रियांच्या स्रावात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. स्राव पिवळसर-हिरवा, कधी फेसाळ व दुर्गंधीयुक्त असतो. ग्रीवेवर लाल ठिपके दिसू शकतात. हा प्रजीव मैथुनाने पसरतो. पुरुषात त्याची लक्षणे बहुधा नसतात, त्यामुळे पती स्वतःला निरोगी समजतो, उपचार नाकारतो आणि बरी झालेली पत्नी पुन्हा बाधित होते. यानंतर दोष औषधाला किंवा स्त्रीला दिला जातो.

यांहून गंभीर स्राव गर्भाशय ग्रीवेच्या शोथात येतो. परमा या रोगाचे गोलाणू आणि क्लॅमिडिया हे त्याचे प्रमुख कारक होत. या संसर्गात पुष्कळदा काहीच त्रास जाणवत नाही किंवा थोडा पुवासारखा स्राव तेवढा दिसतो. संसर्ग वर चढून गर्भाशय व अंडवाहिन्यांपर्यंत पोहोचला म्हणजे श्रोणिशोथ होतो. ओटीपोटात दुखणे, ताप व मैथुनसमयी वेदना ही त्याची लक्षणे होत. अंडवाहिन्यांत चिकटलेले व्रण राहिल्यास वंध्यत्व किंवा गर्भाशयाबाहेरची गर्भधारणा उद्‌भवते. मूल होत नाही म्हणून जिला सोडून दिले जाते, तिला कित्येकदा हा संसर्ग पतीकडूनच मिळालेला असतो.

ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रीमदजन कमी झाल्यामुळे योनीचा अधिस्तर पातळ होऊन थोडा रक्तमिश्रित वा पिवळा स्राव येऊ शकतो. लहान मुलीत दुर्गंधी स्राव आल्यास योनीत अडकलेली वस्तू, कृमी अथवा लैंगिक अत्याचार यांचा विचार करावा लागतो. प्रसूती वा गर्भपातानंतर दुर्गंधी स्राव व ताप येणे ही तातडीची अवस्था होय. कोणत्याही वयात मैथुनानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे, मांस धुतलेल्या पाण्यासारखा घाण वासाचा स्राव येणे आणि पाळी कायमची गेल्यानंतर पुन्हा अंगावर लाल दिसणे, ही ग्रीवेच्या वा गर्भाशयाच्या कर्करोगाची सूचना असू शकते. ‘जाणारी पाळी जाता जाता दिसतेच’ असे म्हणून हे लक्षण कधीही सोडून देऊ नये.

निदान : स्रावाच्या रंगावरून केलेला अंदाज बऱ्याचदा चुकतो. योनिदर्शकाने ग्रीवा प्रत्यक्ष पाहणे, पीएच पट्टीने अम्लता मोजणे आणि स्रावाचा एक थेंब मिठाच्या पाण्यात व दुसरा पोटॅशियम हायड्रॉक्साइडाच्या १० टक्के विद्रावात मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे, एवढ्या साधनांनी पुष्कळ निदान होते. मिठाच्या पाण्यात ट्रायकोमोनास हालचाल करताना दिसतो. दुसऱ्या थेंबात कवकाचे तंतू दिसतात आणि मासळीचा वास उसळल्यास तो जंतुजन्य योनिविकृतीचा पुरावा ठरतो. या विकृतीसाठी १९८३ मध्ये मांडलेले ॲम्सेल यांचे चार निकष वापरले जातात : एकजीव पातळ स्राव, ४·५ हून अधिक पीएच, वरील वास आणि जंतूंनी माखलेल्या अधिस्तर-कोशिका. यांपैकी तीन असल्यास निदान पक्के समजतात. कँडिडात पीएच बहुधा प्राकृतच राहते. या तपासण्यांना फारसा खर्च नाही. ज्यांची वानवा असते त्या गोष्टी म्हणजे आडोसा, स्त्री-परिचारिका आणि चिकित्सकाची दहा मिनिटे.

प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणी लक्षणसमूहावरून उपचार करण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने प्रसृत केली. भारतात राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने त्यासाठी रंगांनी ओळखता येणारे औषधसंच तयार केले. योनिशोथासाठी हिरवा, ग्रीवाशोथासाठी करडा आणि श्रोणिशोथासाठी पिवळा अशी त्यांची योजना होती. अशा संसर्गांवर उपचार करणाऱ्या सरकारी रुग्णालयांतील विभागांना ‘सुरक्षा क्लिनिक’ हे नाव देण्यात आले. या पद्धतीने पहिल्याच भेटीत औषध मिळते, हा तिचा मोठा गुण. संसर्ग नसलेल्या अनेक स्त्रियांना औषध दिले जाते आणि लक्षणे नसलेल्या बाधित स्त्रिया निसटतात, हा तिचा दोष. शिवाय औषधासाठी पतीलाही बोलवावे लागते आणि निदान अंदाजी असल्यास घरात अकारण संशय निर्माण होतो. स्राव येणे म्हणजे गुप्तरोग नव्हे, हे सांगण्याची जबाबदारी अशा वेळी चिकित्सकावर येते. पहिल्या तीन विकारांपैकी ट्रायकोमोनास हाच काय तो प्रस्थापित अर्थाने मैथुनजन्य रोग आहे.

चिकित्सा : जंतुजन्य योनिविकृती व ट्रायकोमोनास या दोहोंवर मेट्रोनिडाझोल अथवा त्याच गटातील सेक्निडाझोल, टिनिडाझोल ही औषधे परिणामकारक आहेत. मेट्रोनिडाझोल १९६० च्या सुमारास प्रचारात आले, तोपर्यंत ट्रायकोमोनास हा अत्यंत चिवट विकार समजला जाई. हे औषध घेताना मद्य वर्ज्य करण्यास सांगतात. ठरवून दिलेले सर्व दिवस औषध घ्यावे. वास गेला म्हणून मध्येच थांबवू नये. कँडिडासाठी योनीत ठेवावयाच्या क्लोट्रिमाझोलच्या गोळ्या किंवा तोंडाने घ्यावयाचे फ्ल्युकोनाझोल वापरतात. गर्भारपणी फ्ल्युकोनाझोल टाळून योनीत ठेवावयाची गोळीच पसंत केली जाते. ग्रीवाशोथ व श्रोणिशोथ यांसाठी वेगळी प्रतिजैव औषधे लागतात व त्यांची निवड चिकित्सकानेच करावी.

ट्रायकोमोनास, परमा व क्लॅमिडिया यांत पतीचा उपचार त्याच वेळी होणे अनिवार्य आहे व तोपर्यंत मैथुन टाळावे किंवा निरोध वापरावा. जंतुजन्य योनिविकृतीत पुरुषाच्या उपचाराचा उपयोग नाही, असे मत दीर्घकाळ रूढ होते. ऑस्ट्रेलियात झालेल्या एका चाचणीचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष याच्या विरुद्ध गेले. ज्यांच्या जोडीदारांना तोंडाने घ्यावयाचे औषध व लावावयाचे मलम दिले, त्या स्त्रियांत बारा आठवड्यांत विकार परतण्याचे प्रमाण शेकडा ३५ होते, तर केवळ स्त्रीवर उपचार केलेल्या गटात ते ६३ होते.

योनिमार्ग आतून साबण, डेटॉल, तुरटीचे वा लिंबाचे पाणी यांनी धुण्याची सवय घातक आहे. अशा धुण्याने लॅक्टोबॅसिलस जंतू नाहीसे होतात व विकार वाढतो. बाहेरील अंग साध्या पाण्याने धुणे पुरेसे आहे. पाळीचे कापड स्वच्छ धुऊन उन्हात पूर्ण वाळवावे, असे सर्वत्र सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात पाणी आणि एका खोलीच्या घरात वाळविण्याची जागा कोठून आणावयाची, हा प्रश्न उपदेश करणाऱ्याने विचारात घेतला पाहिजे. अशोकारिष्ट, लोध्रादी योग यांसारखी आयुर्वेदीय औषधे पुष्कळ स्त्रिया घेतात. त्यांच्यामुळे ट्रायकोमोनास, परमा किंवा क्लॅमिडिया यांचा नाश होतो असे सिद्ध झालेले नाही. त्यामुळे या संसर्गांत केवळ त्यांवर विसंबून वेळ घालविणे धोक्याचे ठरते.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील स्थिती : खेड्यांतील स्त्रियांत या विकारांचे प्रमाण किती आहे, याचा पहिला विश्वसनीय अंदाज गडचिरोली जिल्ह्यातून मिळाला. राणी बंग व अभय बंग यांच्या सर्च या संस्थेने दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली व तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये द लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शेकडा ९२ स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग असल्याचे आढळले. यांतील जवळजवळ निम्मे विकार जननमार्गाच्या संसर्गाचे होते. स्वतःहून तक्रार सांगणाऱ्या स्त्रिया शेकडा ५५ होत्या आणि यापूर्वी स्त्रीरोगाची तपासणी व उपचार झालेल्या केवळ ८. तोपर्यंत ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण व कुटुंबनियोजन असेच समीकरण शासकीय कार्यक्रमांत होते. बाळंतपणाव्यतिरिक्तही स्त्रीला आजार असतात, हे या पाहणीने आकड्यांनिशी मांडले. कैरो येथील १९९४ च्या लोकसंख्या परिषदेनंतर प्रजनन-आरोग्याला जे स्थान मिळाले, त्यामागील चर्चेत या पाहणीचा वारंवार उल्लेख होत असे.

मराठवाड्याच्या दक्षिण भागात पर्जन्य अल्प, शेती कोरडवाहू आणि मजुरीसाठी स्थलांतर नित्याचे अशी परिस्थिती आहे. धाराशिव (२०२३ पर्यंतचे नाव उस्मानाबाद) जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील जळकोट, नळदुर्ग, अणदूर ही गावे सोलापूर-हैदराबाद मार्गावर असल्याने तेथून शहरांतील खाजगी रुग्णालये फार दूर नाहीत. तरीही पांढरे जाते एवढ्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवून व सोबत कोणाला तरी घेऊन जाणे स्त्रीला सहसा जमत नाही. अणदूर येथे हॅलो मेडिकल फाउंडेशन या संस्थेने खेड्यांतील, बहुधा अल्पशिक्षित स्त्रियांना ‘भारतवैद्य’ म्हणून प्रशिक्षण दिले. जी गोष्ट पुरुष डॉक्टरसमोर ओठावर येत नाही ती शेजारच्या बाईला सांगता येते, हे अशा योजनांचे बळ. पुढे राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील आशा स्वयंसेविकेवर हेच काम मोठ्या प्रमाणावर येऊन पडले.

उपचार वेळेवर न मिळाल्याचा परिणाम बीड जिल्ह्यात सर्वांत विदारक स्वरूपात दिसला. बीड, धाराशिव व लगतच्या भागांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. पती-पत्नीची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो व मुकादमाकडून उचल घेतलेली असते. कामावर न गेल्यास खाडा पडतो व त्याची रक्कम कापली जाते. पालावर न्हाणीघर वा संडास नसतो. पाळी, पांढरे जाणे, कंबरदुखी या सर्व गोष्टी खाड्याची कारणे ठरतात. अशा स्थितीत ‘पिशवी खराब झाली आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल’ असे सांगून गर्भाशय काढण्याचा सल्ला दिला जाई आणि तो स्वीकारलाही जाई. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली २०१९ मध्ये नेमलेल्या समितीपुढे आलेल्या माहितीनुसार बीड जिल्ह्यातील पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. हे प्रमाण शेकडा १६ हून अधिक होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांत ते शेकडा ३ च्या आसपास आढळले आहे.

श्वेतप्रदर हे गर्भाशय काढण्याचे कारण होऊ शकत नाही. स्राव मुख्यतः योनिमार्गातून व ग्रीवेतून येतो आणि गर्भाशय काढल्यानंतरही योनिमार्गाचे संसर्ग होतच राहतात. शस्त्रक्रियेत अंडकोशही काढले असतील, तर तिशी-पस्तिशीतच ऋतुनिवृत्ती येते. अंगातून वाफा निघणे, झोप न येणे, हाडे ठिसूळ होणे व हृद्‌रोगाचा धोका वाढणे हे तिचे परिणाम होत. कर्ज काढून केलेल्या शस्त्रक्रियेने अशक्तपणा जाण्याऐवजी तो वाढतो, असा अनेकींचा अनुभव आहे. अनावश्यक शस्त्रक्रिया थांबविण्यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना ती तीन महिन्यांत स्वीकारण्याचा आदेश दिला.

कर्करोगाची भीती अगदी निराधार मात्र नाही. ग्रीवेचा कर्करोग भारतीय स्त्रियांत मोठ्या प्रमाणावर होतो. तथापि त्याचे कारण पांढरे जाणे हे नसून मानवी पॅपिलोमा विषाणूचा दीर्घकाळ टिकणारा संसर्ग हे आहे. हे कारण दाखवून देणारे हाराल्ट त्सुर हाउझेन यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कर्करोग होण्यापूर्वीची अवस्था कित्येक वर्षे टिकते, तिची कोणतीही लक्षणे नसतात आणि ती शोधून काढल्यास गर्भाशय न काढता लहानशा उपचाराने ती नाहीशी करता येते. या शोधासाठी कोणती पद्धत उत्तम, याचे उत्तर जगाला धाराशिव जिल्ह्यातून मिळाले, ही गोष्ट जिल्ह्यातही फारशी माहीत नाही.

बार्शी येथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि लीआँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ मध्ये तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात एक चाचणी हाती घेतली. बार्शीला १९८७ पासून देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही ठेवली जात असल्यामुळे निवड या भागाची झाली. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचे चार गट पाडण्यात आले. एका गटाची विषाणुचाचणी, दुसऱ्याची कोशिका-तपासणी आणि तिसऱ्याच्या ग्रीवेवर सौम्य ॲसिटिक अम्ल लावून ती पांढरी पडते काय याची पाहणी करण्यात आली. चौथ्या गटाला नेहमीच्या आरोग्यसेवेवर सोडण्यात आले. आर्. शंकरनारायणन व त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ वर्षांच्या अवलोकनानंतर २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. विषाणुचाचणी झालेल्या गटात ग्रीवेच्या कर्करोगाने ३४ स्त्रिया मरण पावल्या, तर चौथ्या गटात ६४. पुढच्या अवस्थेतील कर्करोग अनुक्रमे ३९ व ८२ जणींत आढळला. आयुष्यात एकदाच केलेल्या एका चाचणीने मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. इतर दोन पद्धतींनी मृत्यूंत लक्षणीय घट झाली नाही. चौथ्या गटातील स्त्रियांची तपासणी न करणे नैतिक दृष्ट्या कितपत योग्य होते, यावर नंतर कठोर टीका झाली व ती टीका दुर्लक्षिण्यासारखी नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये विषाणुचाचणीला प्राथमिक तपासणीचे स्थान दिले. या चाचणीसाठी योनीतील नमुना स्त्रीला स्वतःलाही कापसाच्या काडीने घेता येतो, त्यामुळे तपासणीच्या टेबलाची व लज्जेची अडचण पुष्कळ कमी होते. विषाणूविरुद्ध लस उपलब्ध असून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या लशीला २०२२ मध्ये भारतात मान्यता मिळाली. ती ९ ते १४ वर्षे वयात, म्हणजे विषाणूशी संबंध येण्यापूर्वी, टोचणे अधिक हितावह असते. लस टोचलेल्या स्त्रीलाही तिशीनंतर तपासणी करून घ्यावी लागते.